गोजरवहिनीचं बोट

मी डॉक्टर लोकांवर उगाच तडकतो, असं घरचे म्हणतात. तडकू नको तर काय करू! गोजरवहिनी, माझी थोरली भावजय, भंडारदऱ्याला धरणाकाठी वीस वर्षं मासे साफ करून, तळून पर्यटकांना खाऊ घालते. विळीवर कटला मासा धरला की बोलता बोलता खवले साफ. कुणी मोबाईल काढला की ओरडते, "फोटू मागनं, आदी ताट उचल!"

तिला संधिवात. अंगातली राखणदार ताकदच तिच्या सांध्यांवर उलटलेली, ती दाबायच्या गोळ्या चालू. त्यात उजव्या हाताच्या बोटावर गाठ आली, फुटली, आणि कोपरापर्यंत गाठींची रांगच लागली. एका डॉक्टरांना वाटलं, संधिवातच उसळला. त्यांनी गोळ्या वाढवल्या, तशा गाठीही वाढल्या.

शेवटी माझ्या जीपमधून तिला नगरला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "असंच चिघळत राहिलं तर बोट काढावं लागेल."

वहिनीचा चेहरा उतरला. मी भडकलो. "अहो मॅडम, दोनदा गाठीतला पू तपासून झाला, तरी जंतू सापडंना म्हंजे काय?"

बाईंनी वहिनीला विचारलं, "मावशी, काम काय करता?"

"काय न्हाई. घरीच असते."

मी मधेच बोललो, "काय न्हाई कसं? रोजचे पंधरा किलो मासे मग कोन साफ करतंय, मी?"

बाईंनी पेन खाली ठेवलं. "मासे? आणि केसपेपरवर 'घरकाम' कुणी लिहिलं?"

मीच लिहिलं होतं. रोज दुपारी तिच्या हातचे मासे चापतो मी, आणि ते काम आहे हे माझ्या टाळक्यात आलंच नव्हतं. लई लाज वाटली.

बाईंनी समजावलं, पाण्यात, माशांत एक जंतू असतो, काटा टोचला की तिथून शिरतो. ताकद दाबायच्या गोळ्या घेणाऱ्यांना तो जास्त छळतो. नेहमीच्या तपासणीत घावत नाही, मुद्दाम शोधावा लागतो. शोधल्यावर महिन्याभरानं तो सापडला, आणि औषध बदललं.

सहा महिन्यांनी बाई म्हणाल्या, "मावशी, बोट वाकवा बघू."

बोट हललं, निम्मं वाकलं आणि थांबलं. बाई हळहळल्या, "याच्यापुढं कदाचित नाही जायचं. आणि हातमोज्यांशिवाय माशाला हात लावायचा नाही."

वहिनी ते बोट बघत सगळ्यांदेखत ढसाढसा रडली. मग पदरानं डोळे पुसून म्हणाली, "बास की. कटला निसटू नये येवढं वाकतंय."