विहिरीत ओतलेली निवळी

बौद्ध धम्माची दीक्षा घेतल्यावर आमच्या मोहल्ल्याने स्वतःची विहीर खोदली. तोवर गावच्या विहिरीपासून लांब घागर ठेवून माय उभी राहायची. कोणाला दया आली तर तो वरून पाणी ओतायचा. आम्हा पोरांना तहान लागली तर ओंजळ धरायची. आता तिथे पाऊल टाकायचे नाही, असे सगळ्यांनी ठरवले होते.

पण किरनापूरकडची आमची जमीन पिवळ्या चिकणमातीची. पाणी लागले ते मातीने भरलेले. घागर कितीही वेळ ठेवा, गाळ काही खाली बसेना. उन्हाळा तोंडावर होता. पाणी निवळले नाही तर नाक मुठीत धरून पुन्हा त्याच विहिरीवर जावे लागणार होते.

बाबा बांधकामावर जायचे. तिथल्या टाक्यातले गढूळ पाणी चुन्याने साफ केलेले त्यांनी एकदा पाहिले होते. एकदाच! तेवढ्या भांडवलावर त्यांनी रांजणात चुना विरवला, खाली बसू दिला आणि वरची निवळी विहिरीत ओतून बांबूने ढवळली. सगळा मोहल्ला काठावर ओणवला होता.

पाणी फाटले. नासलेल्या दुधासारख्या त्यात पिवळ्या गाठी झाल्या.

"जहर केलं रे बाप्पा! इहीर मारली!" शेजारची म्हातारी ओरडली. मी बाबांकडे पाहिले, तर त्यांचाच चेहरा पांढराफटक पडलेला. मग तर मी फारच घाबरले.

सकाळी गाठी तळाशी बसल्या होत्या आणि पाणी नितळ झाले होते. तरी कोणी बादली सोडेना. शेवटी बाबांनीच लोटाभर पाणी काढले, पण तोंडाला लावायचे सोडून ते त्याचा वासच घेत राहिले. मायने लोटा हिसकला.

"द्या इकडे. मी मेली तं तुमी दुसरी करसान. तुमी गेले तं मले दुसरा कोन देते?"

लोक हसले. मला हसू आले नाही. ती घटाघटा प्यायली, तोंड पुसले आणि म्हणाली, "थोडसं कडू लागते. बाकी पानीच हाये."

दिवसभर मी तिच्या पदराला चिकटून होते. ती खोकली की मी रडकुंडीला यायचे. दुपारी ती आडवी झाली आणि हलेना. हाक मारायचीही भीती वाटली. मारली आणि ओ आली नाही तर? अखेर तिच्या नाकाशी बोट धरले.

"काहून व?" डोळे मिटूनच ती बोलली. "जित्ती हाये मी. तहान लागली काय?"

"हौ."

ती उठून विहिरीकडे निघाली. सकाळपासून काठावर वाट पाहत बसलेली माणसे तिला चालत येताना पाहून उभी राहिली. तिने बादली ओढली. विहीर म्हटली की ओंजळ, एवढेच मला ठाऊक. मी दोन्ही हात जुळवून पुढे धरले. मायने ते बाजूला सारले आणि भरलेला लोटा माझ्या हातात दिला.