कड्यावर थांबलेला ठिपका

पेठला जायचं माझ्या मनातही नव्हतं. गेली होती आई. निवृत्तीआधीची काही वर्षं ती तिकडच्या डोंगरात नर्स होती आणि तिथल्या सोनाबाईकडे चार दिवस राहून यायचं तिने परस्पर ठरवून टाकलं. मागच्याच वर्षी तिची अँजिओप्लास्टी झालेली. मी नाही म्हणत राहिले, ती पिशवी भरत राहिली. शेवटी एका अटीवर तह झाला: मोबाईलवर दोघींचं लोकेशन एकमेकींना दिसत राहील.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना बघितलं, तर आईचा निळा ठिपका रानात एकटाच. जेवायच्या वेळेलाही तिथेच. फोन वाजत होता, उचलत कोणी नव्हतं. ठिपक्यावर बोट ठेवलं की रस्त्यांचा नकाशा उघडतो. त्यात रस्ता खूप अलीकडेच संपला होता. त्यातून उपग्रहाचा उघडला, तर नुसती झाडं. मग ट्रेकवाल्यांचा, पायवाटा आणि उंचीच्या रेषा दाखवणारा, उघडला आणि तीच जागा शोधली. ठिपक्याखाली रेषा एकमेकींना चिकटल्या होत्या. म्हणजे कडा. गाडीची किल्ली उचलली आणि निघाले.

तुम्ही हौसेने जाणार असाल तर नाशिकातल्या पेठ फाट्यावरून गुजरातकडे जाणारा रस्ता धरा. ट्रक भरपूर असतात, टाकी नाशिकातच भरून घ्या. सावळघाट फार सुंदर आहे म्हणतात. मी समोरच्या ट्रकचा मागचा फळा तेवढा पाहिला.

पेठला टपरीवर थांबून सोनाबाईच्या पाड्याचा रस्ता विचारला.

"गाडी शाळेपर्यंत जाईल," टपरीवाले काका म्हणाले. "पुढं पायी. पन तिकडं रेंज नाय, ताई."

"माझ्या आईचा फोन वाजतोय पण."

"मंग कड्यावरच्या झाडापाशी असंल."

त्यांनी ते इतकं सहज सांगितलं, की त्यांना काय म्हणायचंय हे विचारायचं मला धाडसच झालं नाही. चहा तसाच टाकून निघाले.

मोठा रस्ता सोडल्यावर एका वळणावर माझीही रेंज गेली आणि नकाशा पांढरा पडला. कठडा तुटलेला, खाली दरी. पुढचा रस्ता इतका उखडलेला, की गाडी बैलगाडीच्या चालीने न्यावी लागली. तोंडाने रामरक्षा चालू होती आणि मधल्या ओळी आठवत नव्हत्या.

शाळेपाशी गाडी लावून, भात कापलेल्या खाचरांमधून चढून कड्यावर पोचले. तिथे एक जांभळाचं झाड होतं आणि त्याच्या फांद्यांना पिशव्या टांगलेल्या. प्रत्येकीत एक मोबाईल. सगळ्या पाड्यात रेंज फक्त इथे येते, म्हणून लोक फोन टांगून कामाला जातात आणि जाता-येता बघून घेतात. त्यातली निळी पिशवी मीच आईला शिवून दिलेली. क्षणभर मला हसू फुटलं. मग लक्षात आलं, की फोन आहे, आई नाही.

झाडाखाली एक बाई गवताचा भारा बांधत होती. सोनाबाईची सून.

"नर्सबाई खाली गेल्यात, वळणाकडं," ती म्हणाली. "तुमची खूण तिथं थांबली ना फोनात. हलंचना. लय घाबरल्या. सासूबाई हायेत संगं. तुमचा फोन आला तर उचल म्हनल्या, म्हनून बसलीय मी."

तिने पायवाट दाखवली आणि मी धावत सुटले. नकाशात ती एक साधी तुटक रेघ होती. प्रत्यक्षात वाळक्या गवतावरून पाय निसटत होते आणि डोक्यात एकच होतं, हाच उतार आई उतरलीय, त्या हृदयाने.

आधी तिचा आवाज ऐकू आला. तुटक्या कठड्याला धरून आई दरीत वाकली होती आणि मला लहानपणच्या नावाने हाका मारत होती. "बेबी, ओ दे गं." सोनाबाईने तिचा पदर दोन्ही मुठींत घट्ट धरून ठेवला होता.

"आई," मी मागून म्हटलं.

ती वळली. माझं तोंड चाचपलं, हात चाचपले, आणि मग भडकली. "इथे कशाला थांबली होतीस?"

"थांबले नव्हते गं. रेंज गेली होती."

"मला काय माहीत? तुझा ठिपका दरीवर होता."

मी तिला धरून तिथेच रस्त्यात बसले आणि दोघी रडलो. सोनाबाई म्हणाली, "चला आता, भाकर खाऊ." नागलीची, म्हणजे नाचणीची, भाकरी आणि उडदाची आमटी मिळाली. पैसे विचारू नका, त्यांना वाईट वाटतं. जाताना तेल-साखर घेऊन जा. उरलेले दिवस मीही तिथेच राहिले आणि माझाही फोन जांभळाला टांगला.

नाशिकला परतल्यावर वाटलं, आता घरातच आहोत दोघी, संपलं. परवा भाजी घेऊन आले आणि गाडी लावायला तळघरात उतरले. तिथे रेंज नसते. पिशव्या घेऊन जिना चढू लागले, तर आई समोरून उतरत होती, एका हाताने कठडा धरून, दुसऱ्या हातात फोन, पायांत चपला नाहीत.