मिरच्यांचे देठ काढणाऱ्या डॉक्टर

डॉक्टर मृणालिनीताईंची आणि माझी पहिली भेट भांडणाने झाली, आणि ते भांडण मीच उकरून काढलं होतं. पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथाची सुरुवात अशी करू नये, हे मला कळतं. संपादकांनी फोनवर दोनदा बजावलं, "परबकाकू, जरा औपचारिक लिहा हं." मी हो म्हटलं. पण लालबागला मसाला कांडपाचं दुकान चालवणाऱ्या बाईकडून लेख मागितलात, तर तो थोडा तिखट होणार, त्याला माझा इलाज नाही.

आमच्या चाळीला आग लागून तेव्हा दहा महिने झाले होते. जिन्याखालच्या मीटरच्या पेट्या पेटल्या होत्या. सगळे मागच्या जिन्याने उतरले, तिसऱ्या मजल्यावरची माझी मैत्रीण इंदू तेवढी राहिली. राहिली म्हणजे गेली. त्यानंतर कोणा संस्थेने ताईंना आमच्याकडे पाठवलं. चाळीच्या तळमजल्यावरच्या माझ्या दुकानासमोर, मंडळाच्या खोलीत त्यांनी टेबल मांडलं आणि बाहेर बोर्ड लावला, "मानसोपचार व समुपदेशन केंद्र. विनामूल्य."

तो बोर्ड बघून माझं डोकंच सटकलं. मी हातातला झारा तसाच घेऊन समोर गेले. आत गिरगावच्या जुन्या घराण्यातल्या, कडक इस्त्रीची सुती साडी नेसलेल्या बाई बसल्या होत्या. "नमस्कार. आपण बसावं," त्या म्हणाल्या.

"मी बसायला आलेली नाही. मला काही झालेलं नाही!"

"उत्तम. मग चहा घ्यावा."

आता अशा माणसाशी कसं भांडायचं? मी चहा घेतला आणि घेता घेता सुनावलं. म्हटलं, ताई, तुमच्या दारात एखादीची चप्पल दिसली, तर संध्याकाळच्या आत काळाचौकीपर्यंत बोभाटा होईल की अमकीचं डोकं फिरलंय. कुठल्या घरात मुलगी लग्नाची आहे, कुठल्या घरात सासू टपून बसलीय. कोण येणार तुमच्याकडे?

आणि खरंच कोणी आलं नाही. पहिल्या महिन्यात तीन माणसं आली. एकाला झेरॉक्स काढायची होती, एकाला लाइटबिलाची तक्रार करायची होती आणि तिसरा मंडळाचा कार्यकर्ता ढोल ठेवायला आला होता. ताईंनी तिघांनाही चहा पाजला. दुसरी कोणी डॉक्टर असती तर "अडाणी लोक" म्हणून गाशा गुंडाळून गेली असती. ताई माझ्या दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "आपलं बरोबर होतं. मी बोर्ड काढला. आता मला सांगा, या भागातल्या बायका निवांत बसतात कुठे?"

मी मूर्खासारखी बोलून गेले, "निवांत कसल्या बसतात? बसल्याच तर माझ्याकडे, नंबर लावून."

झालं! दुसऱ्या दिवशी सकाळी ताई एक किलो बेडगी मिरची घेऊन रांगेत हजर.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. चैत्र-वैशाखात आमच्याकडे वर्षाचा मसाला कुटायला अख्खं परळ-लालबाग लोटतं. मिरच्या उन्हात वाळवायच्या, देठ काढायचे, कढईत भाजायच्या आणि मग विजेच्या डंकीखाली कुटायच्या. नंबर यायला तीन-तीन तास लागतात. तोवर बायका खाली बसकण मारून देठ काढत राहतात. भाजलेल्या मिरचीने सगळ्यांच्या डोळ्यांतून धारा लागलेल्या असतात. तिथे कोणी कोणाला "का गं रडतेस" असं विचारत नाही. ताईंनी अर्ध्या तासात हे हेरलं. मी तीस वर्षं त्या दुकानात बसून हे हेरलं नव्हतं.

पण हेरणं वेगळं आणि देठ काढणं वेगळं. ताई देठाबरोबर निम्मी मिरची मोडायच्या. वर त्याच हाताने त्यांनी चष्मा काढून डोळा पुसला. अगं आई गं! पुढची पंधरा मिनिटं मानसोपचारतज्ज्ञ मधोमध आडव्या आणि बाकीच्या सगळ्या त्यांच्या डॉक्टर! कोणी दुधाचा बोळा ठेवतेय, कोणी पदराने वारा घालतेय, कोणी ओरडतेय, "हात लावू नका, हात लावू नका!" आमच्या दुकानाला लागून पिको-फॉल करणाऱ्या हमीदाभाभी साडीचा फॉल अर्धा टाकून धावत आल्या. आमच्या चाळीतलं ते एकुलतं एक मुसलमान घर. आगीनंतर भाभी कोणाशी दोन शब्द बोलत नव्हत्या, पण त्या दिवशी त्यांनी ताईंचं डोकं मांडीवर घेतलं.

एवढं रामायण झाल्यावर त्या बाईंपासून लपवायचं काय? त्या दिवसापासून ताई आमच्या झाल्या.

मग वर्षभर तोच त्यांचा दवाखाना. मिरची संपली की हळद, हळद संपली की दिवाळीची भाजणी. वहीबिही काही नाही. डंकीच्या आवाजात शेजारचीला शेजारचीचं ऐकू येत नाही, त्यामुळे जिला बोलायचं ती ताईंच्या कानाशी तोंड नेऊन बोलायची. ताई मान हलवायच्या आणि एवढंच विचारायच्या, "मग?" मी एकदा चिडून म्हटलं, "एवढं शिकलात आणि दिवसभर मग-मग करता? हे तर माझी नणंदही करते." ताई म्हणाल्या, "तुमची नणंद ऐकलेलं पुढे सांगते का?" मी म्हटलं, "पुढे? दादरपर्यंत!" त्या म्हणाल्या, "तेवढाच फरक."

हा फरक केवढा मोठा, ते मला पुढे कळलं.

मला काही झालेलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत होते. मी जेवत होते, भांडत होते, दुकान चालवत होते. फक्त तिसऱ्या मजल्यावर जात नव्हते. इंदूचे यजमान मधुभावोजी जिन्यात दिसले की मी मीठ विसरल्यासारखी मागे फिरायचे. त्यांचा वर्षाचा मसाला दुसऱ्या कोणाच्या तरी हाती वर पाठवायचे. घरातली विचारायची, तर सांगायचे, गुडघे दुखतात.

एका दुपारी दुकानात ताई आणि मी दोघीच होतो. डंकी बंद होती. ताईंनी चष्मा पुसून माझ्याकडे पाहिलं.

"वंदनाताई, मिरची सकाळीच संपली. आता तुम्ही धणे निवडताय."

"मग?" मी म्हटलं.

"धण्यांनी डोळ्यांत पाणी येत नाही."

मला इतका राग आला की काय सांगू. म्हटलं, दुसऱ्याच्या डोळ्यांत बघत बसायला लाज नाही वाटत? आणि तेवढं बोलून मी धण्यांच्या सुपावर डोकं ठेवून अशी रडले, अशी रडले, की ते धणे नंतर पुन्हा वाळवावे लागले.

त्या दिवशी मी ताईंना सांगितलं. आग लागली तो दिवस ऐन मसाल्याच्या सीझनचा. गल्लीत धूर, खोकला, डोळ्यांची जळजळ, हे तर रोजचंच. इंदूने वरच्या गॅलरीतून आमच्या मालवणीत मला हाक मारली, "वंदे, धूर कितको गो!" मी गिऱ्हाइकाच्या मिरच्या भाजायच्या गडबडीत होते. मी खालून ओरडले, "मिरसांगो भाजतत! दार लावन घे!"

तिने दार लावून घेतलं. माझं कधी नाही ते ऐकलंन मेलीने.

ताईंनी "तुमचा काही दोष नाही" असं म्हटलं नाही. म्हणाल्या असत्या तर मी त्यांना दुकानाबाहेर काढलं असतं. त्या माझ्याशेजारी धणे निवडत राहिल्या. मग म्हणाल्या, "हे अजून कोणाला सांगावंसं वाटतं?" मी म्हटलं, एकाच माणसाला सांगायला हवं आणि त्याला सांगण्यापेक्षा मेलेली बरी. "घाई नाही," ताई म्हणाल्या. सात महिने त्यांनी तो विषय काढला नाही. मात्र दर आठवड्याला मला घेऊन जिना चढायच्या. पहिल्या आठवड्यात चार पायऱ्या, मग पहिला मजला, मग दुसरा. शेजारी विचारायचे, "काय हो, कुठे चाललात?" ताई गंभीरपणे सांगायच्या, "माझ्या गुडघ्यांचा व्यायाम आहे. या सोबत देतात."

शेवटी मी एकदाची वर गेले. मधुभावोजींनी दार उघडलं. मी उंबऱ्यातच उभी राहून एका दमात सगळं सांगून टाकलं. म्हटलं, आता काय शिव्या घालायच्या त्या घाला.

ते खाली बसले. म्हणाले, "वहिनी, तिने मला कामावर फोन केला होता. धूर येतोय म्हणाली. मी म्हटलं, मसाल्याचा सीझन आहे, पंखा लाव आणि झोप."

मीही उंबऱ्यातच बसले. उठताना ते म्हणाले, "ताईंना सोडून कोणाला बोललो नव्हतो."

मी तीन मजले कशी उतरले मलाच ठाऊक. तडक ताईंसमोर जाऊन कडाडले, "तुम्हाला माहीत होतं! दोघांचंही माहीत होतं! मी इकडे सात महिने जीव जाळतेय आणि तुम्ही जिने चढवताय?"

"हो," ताई म्हणाल्या.

"सांगितलं का नाही?"

"ते त्यांचं होतं. मी कसं सांगणार?"

"आणि अजून कोणी असंच..." माझ्या डोक्यात आत्ता प्रकाश पडत होता. "ताई, अजून किती जण?"

ताईंनी सूप पुढे ओढलं. "मी अलीकडे फार विसराळू झाले आहे," त्या म्हणाल्या.

मग मीच काय ते केलं. रविवारी दुकान बंद ठेवलं आणि चाळीतल्या सगळ्यांना बोलावलं. मसाल्याचं काहीतरी आहे असं वाटून सगळे आले. मी उभी राहून माझं सांगितलं. मधुभावोजींनी त्यांचं सांगितलं. आणि मग जे सुरू झालं ते लालबागलाच होऊ शकतं. दुसऱ्या मजल्यावरचे तावडे उठून म्हणाले, "थांबा! सगळ्यांत आधी धूर मी बघितला. मी मिरची समजून खिडकी लावली. म्हणजे दोष माझा." पहिल्या मजल्यावरची सावंतीण म्हणाली, "तुमचा कसा? मी तर जिन्यातून खाली आले, मीटरच्या बाजूने! माझा मोठा." तावडे चिडले. "अहो, मी तुमच्या आधी बघितला म्हणतोय ना!" दोघं हमरीतुमरीवर आली. लोक पाण्याच्या नळावर भांडतात, आम्ही दोषाच्या नंबरावर भांडत होतो. रडता रडता हसू फुटायला लागलं, आणि हसल्याची लाज वाटून पुन्हा रडू.

हमीदाभाभी कोपऱ्यात बसल्या होत्या. ताई उठून त्यांच्याजवळ जाऊन बसल्या. मग भाभी म्हणाल्या, "मलाही वास आला होता. वायर जळल्याचा. मिरचीचा नव्हता, मला कळलं होतं. पण मी आरडाओरड केली असती आणि काही नसतं, तर म्हणाले असते, मुद्दाम घबराट पसरवते. आणि आग निघाली असती, तर म्हणाले असते, हिलाच आधी कसं कळलं?"

भाभींनी असं का समजावं, असं विचारायचं तोंड आमच्यापैकी कोणालाच नव्हतं. ताईंची आणि माझी गाठ पडली नसती, तर ही बाई माझ्या भिंतीपलीकडे हे घेऊन जन्मभर मशीन चालवत राहिली असती, आणि मी तिला खडूस म्हणत राहिले असते.

त्या दिवशी आमच्या चाळीत एक नियम ठरला. कुठेही, कसलाही धूर दिसला की आधी ओरडायचं, तेही भाभींनी सगळ्यांत मोठ्याने, आणि वर जाऊन प्रत्येक दार वाजवायचं. मिरची असो नाहीतर काहीही. परिणाम काय झाला विचारू नका. गेल्या महिन्यात तिसऱ्या मजल्यावर नवं लग्न झालेल्या एका मुलीची पोळी करपली, तर तिच्या दारात अकरा माणसं, दोन पाण्याच्या बादल्या आणि तावड्यांच्या हातात वाळूचा डबा. सगळ्यांत पुढे मी, धापा टाकत, दोन्ही मुठींनी दार ठोकत. बिचारीने दार उघडलं. हातात काळी पोळी, चेहरा रडवेला. म्हणाली, "सॉरी काकू, उगाच तुम्हाला त्रास."

मी तिला अशी घट्ट मिठी मारली की पोळीचे दोन तुकडे झाले.

तर मृणालिनीताई, तुमचा गौरव करणारे तुमच्या पदव्या लिहितील, पुरस्कार लिहितील. मला त्यातलं काही कळत नाही. तुम्हाला मिरचीचे देठ अजूनही धड काढता येत नाहीत, एवढं मी शपथेवर सांगू शकते. शंभर वर्षं जगा, असं सगळेच म्हणतील, मीही म्हणते. पण त्याहीपेक्षा, तुमचे गुडघे शाबूत राहोत. तळमजल्यावरच्या भाभी अजून रात्रीच्या उठून प्लग बघतात. परवा मी म्हटलं, माझ्याशी बोला ना. तर म्हणाल्या, "बोलेन हो. पहिल्यांदा ताईंसमोर." सत्काराचे हार उतरवलेत की सरळ इकडे या. रांगेत तुमची जागा धरून ठेवली आहे.