आत्याच्या शब्दांची माणसं

आमची आत्या छापखान्यात कागदांच्या घड्या घालते, पुस्तकं शिवते. पण तिचा डोळा होता प्रुफाच्या टेबलावर. छापण्याआधी चुका शोधायच्या, त्याही पंख्याखाली बसून. त्यासाठी परीक्षा होती. छापखान्याच्या मॅडम इंग्रजी वाक्यं सांगणार, आत्यानं लिहायची, आणि एकही चूक चालणार नव्हती.

मराठीत आत्याचा हात कोण धरणार? पण इंग्रजीतले ते जुळे शब्द, एखाद-दुसऱ्या अक्षराच्या फरकाचे, तिला रडकुंडीला आणायचे. मग तिनं एकेका शब्दाला घरातलं माणूस वाटून दिलं. क्वाएट म्हणजे शांत, तो तिचा नवरा. बिचाऱ्याला बोलायला मिळतंच कुठे? लूज म्हणजे सैल, ती मी, माझ्या पायजम्यामुळे. घ्या! स्टेशनरी तर दोन, उच्चार एकच. ई असलेली वह्या-पेन्सिलींची. ए असलेली म्हणजे जागचं न हलणारं, ते माझे बाबा.

बाबांचा गुडघा बदलला होता. डॉक्टर म्हणाले, चाला. बाबांनी आरामखुर्ची धरली ती धरलीच. आई विनवून थकली, मी भांडून थकले. आत्या कामावर जाता जाता रोज खिडकीशी थांबायची. "दादा, निदान फाटकापर्यंत ये ना." बाबा पेपर तोंडापुढे धरायचे.

परीक्षेच्या दिवशी आईला राहवलं नाही. चहा देताना तिनं बाबांना त्यांचा शब्द सांगून टाकला. बाबांना मिरच्या झोंबल्या.

"मी जागचा हलत नाही काय? बघतोच तिच्याकडे." काठी उचलली आणि निघाले तरातरा. मी मागे धावले.

छापखान्यात काचेपलीकडे आत्या लिहीत होती. मॅडमनी नेमकं उभ्या गाडीचं, म्हणजे जागच्या न हलणाऱ्या स्टेशनरीचं वाक्य सांगितलं. आठवायला म्हणून आत्यानं मान वर केली, तर समोरून बाबा चालत येताहेत. तिचं पेन थांबलं. ए की ई, काही केल्या आठवेना. खुर्चीतला दादा डोळ्यांपुढे यायलाच तयार नव्हता. ती जागा कोरीच राहिली.

मॅडमनी कागद तपासला आणि त्या हळहळल्या. "बाकी सगळं बरोबर आहे हो. पण आता पुढच्या परीक्षेला बसा."

आत्या बाहेर आली. एव्हाना बाबांचा राग कुठल्या कुठे गेला होता. एवढंसं तोंड करून म्हणाले, "माझ्यामुळे गेलं तुझं टेबल. मी घरी जाऊन बसतो. तू पुन्हा लिही, मॅडमना विचार."

"खबरदार बसलास तर," आत्या म्हणाली. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणीही येत होतं. "टेबल मिळेल रे पुन्हा. मला वाटलं होतं, माझा भाऊ त्या खुर्चीतच संपणार."

बाबांनी तिची पिशवी स्वतःकडे घेतली. "उद्यापासून तुला कामावर सोडायला मी येणार," ते म्हणाले, "चालत."