शेवटच्या सतरंजीपर्यंत

आमच्या दिवाणात पाहुण्यांच्या गाद्या नाहीत, स्पीकर आहेत. मोडक्या टीव्हीतले, जुन्या टेपमधले, एका रिक्षावाल्यानं काढून टाकलेले दोन. पाहुणे आले की ते चटईवर झोपतात, स्पीकर जागचे हलत नाहीत. नवऱ्यानं पहिली काही वर्षं कुरकुर केली. मग ही बाई ऐकायची नाही हे त्याच्या ध्यानात आलं, आणि आता तो पाहुण्यांनाच सांगतो, "चटईवर पाठ चांगली राहते."

मी वाळूजच्या एका कारखान्यात तयार माल तपासते. आठवडाभर दुसऱ्यांच्या चुका शोधायच्या आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच्या करायच्या, असा माझा छंद आहे. तळहातावर मावेल एवढं ॲम्प्लिफायरचं बोर्ड आणायचं, बाद झालेल्या लॅपटॉपचा चार्जर त्याला जोडायचा, प्लायवूडचा डबा ठोकायचा, त्याला गोल भोक पाडून स्पीकर बसवायचा आणि गाणं लावायचं. एवढ्याशा बोर्डातून खोलीभर आवाज निघतो तेव्हा माझ्या अंगावर अजून काटा येतो. बोर्ड पैठण गेटच्या दुकानांत मिळतं, जुने स्पीकर जुन्या बाजारात. तिथले एक चाचा मला लांबूनच "आओ इंजिनियर साब" म्हणून हाक मारतात. मीही सोडत नाही, "साब नहीं चाचा, बाईसाब!" सुरुवातीला दुकानदार विचारायचे, "ताई, मिस्टर नाही आले?" आमच्या मिस्टरांना टेस्टर आणि पेचकस यातला फरक कळत नाही, ते येऊन काय दिवे लावणार होते?

या छंदातले सगळे लोक एक गोष्ट करतात. नवा डबा झाला की तो प्रत्येक वेळी आपल्या आवडीच्या एकाच गाण्यावर पारखतात. माझं गाणं ढोलकीचं. ढोलकीची थाप पोटात बसली की डबा पास, नाही बसली तर स्पीकर परत दिवाणात. टीव्हीतले छोटे स्पीकर तर मी हातात घेताच बाजूला टाकायचे. चिरके मेले, म्हणायचे, त्यांच्यात दम नाही.

आता मायबद्दल सांगते, कारण खरी गोष्ट तिचीच आहे.

माझ्या मायचा जन्म अंगणवाडीत पोरं सांभाळण्यात गेला. आमच्या वस्तीतल्या विहारात वर्षावासाचे तीन महिने, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचायची मायच. आणि तिची एक रीत होती. वाचायला बसली की आधी ती पुस्तक मांडीवर मिटलेलंच ठेवायची, हॉलच्या टोकाला शेवटच्या सतरंजीवर बसलेल्या बायकांकडं बघायची आणि विचारायची, "काल काय वाचलं?" पुढच्यांना कधी विचारायची नाही. म्हणायची, "पुढचे काय, माझ्या तोंडाकडं बघूनबी सांगतील." मागून उत्तर आल्याशिवाय ती पान उलटायची नाही. लोक हसायचे, पण शेवटच्या सतरंजीवरच्या म्हाताऱ्या घरून उजळणी करून यायच्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

मागच्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, जीव वाचला, आवाज मात्र बारीक झाला. डॉक्टरांनी सांगितलं, बोलायला हरकत नाही, पण जोर लावायचा नाही. जिच्या एका हाकेनं गल्लीतली पोरं घरात पळायची, ती माझी माय भाजीवाल्याला थांबवायला मला पुढं करायला लागली. मला ते बघवायचं नाही.

विहारात माइक होता, आवाजाची मशीनही होती. पण तिचा भलामोठा बॉक्स मिरवणुकीच्या कामाचा. हॉल सगळा फरशीचा, भिंती कोऱ्या, त्यामुळं आवाज नुसता घुमायचा. मायचा जुना आवाज त्या घुमण्याला पुरून उरायचा. नवा आवाज त्यात बुडाला असता, हे तिलाही माहीत होतं. आषाढ जवळ आला तसे विहाराचे सचिव घरी आले. माणूस वाईट नाही. चहा घेतला आणि म्हणाले, "आक्का, यंदा तुम्ही आराम करा. मोबाईलवर वाचन मिळतंय, लई भारी आवाज आहे त्या माणसाचा. तेच लावू."

माय म्हणाली, "तुम्हाला सोयीचं पडंल तसं करा."

ते गेल्यावर तिनं वाचायचा चष्मा घडी घालून कपाटात ठेवला. एवढंच केलं. माझं डोकं मात्र असं फिरलं की पायात चप्पल न घालताच मी सचिवांना गल्लीच्या तोंडाशी गाठलं. "भाऊ, तुमचा मोबाईल विचारणार आहे का, काल काय वाचलं म्हणून? पौर्णिमेला माझी माय वाचणार. मशीन मी देते."

"आणि मागं नाही ऐकू गेलं तर, ताई?"

"तर खुशाल लावा मोबाईल!"

घरी आले तर माय दारातच. "तुला कुणी सांगितला होता हा शहाणपणा?" म्हणाली. मग म्हणाली, "बरं. पण ऐक. शेवटच्या सतरंजीनं सांगितलं नाय, तर मी पुस्तक ठेवीन. मग परत हातात घेणार नाय." माय बोलते ते करते. मी म्हटलं, "तू फक्त चष्मा काढ कपाटातून."

मग मी डबा केला. असा केला की विचारू नका. आठ इंची स्पीकर, जाड प्लाय, आतून गोधडीचं अस्तर. घरी मायला माइक दिला आणि ती बोलली, तर तिचा बारीक आवाज भरदार होऊन बाहेर आला. नवरा स्वयंपाकघरातून पळत आला, "कोण आलंय?" मी म्हटलं, बघ, याला म्हणतात काम.

पौर्णिमेला विहार भरला होता. मायनं वाचलं आणि संपल्यावर जो तो येऊन जयभीम घालून म्हणत होता, "आक्का, काय आवाज!" मी डब्याशेजारी छाती काढून उभी होते.

दुसऱ्या संध्याकाळी मायनं पुस्तक मांडीवर ठेवलं, शेवटच्या सतरंजीकडं बघितलं. "काल काय वाचलं?"

एक बाई म्हणाली, "आवाज लई जोरात व्हता बघा."

"आवाज नाय विचारला. वाचलं काय?"

शेवटच्या सतरंजीवर भिंतीला टेकून एक मावशी बसतात. वस्तीत सगळ्यात मोठ्या, गंगापूरकडच्या, कानानं जरा जड, जिभेनं अजिबात नाही. त्या म्हणाल्या, "खरं सांगू का माय? आभाळ गडगडल्यावानी वाटलं. ग्वाड वाटलं. पर कळलं काहीच नाय."

मायनं पुस्तक खाली ठेवलं. सचिवांनी खिशातून मोबाईल काढला. बिचाऱ्यांच्या तोंडावर आनंदही नव्हता, त्याचाच मला जास्त राग आला. "थांबा!" मी ओरडले. सगळा विहार माझ्याकडं बघायला लागला.

"आजचं तू वाच," माय मला म्हणाली. पुस्तक माझ्या हातात दिलं, उठली, आणि सगळ्या बायकांमधून वाट काढत जाऊन त्या मावशींच्या शेजारी बसली. इतक्या वर्षांत ती शेवटच्या सतरंजीवर पहिल्यांदा बसली असेल. मी वाचलं. माझा गळा धडधाकट आहे, कारखान्यात मशीनच्या वरताण बोलायची सवय आहे. खणखणीत वाचलं.

घरी आलो. मायनं दारात चप्पल काढली आणि म्हणाली, "तुझंबी काही कळलं नाय."

"काय?"

"काही म्हंजे काहीच नाय. नुसतं वूं वूं वूं." आणि ती हसायला लागली. "म्हंजे खोट माझ्या गळ्यात नाय गं! खोट तुझ्या डब्यात आहे! मग मी पुस्तक कशाला ठेवू?"

अशी हसत होती की डोळ्यांना पदर लावला. ऑपरेशन झाल्यापासून ती तसं हसली नव्हती. माझा मात्र तिळपापड झाला. एवढा देखणा डबा, आणि खोट म्हणे! नवरा म्हणाला, "तुझ्या डब्याला सर्दी झालीय." त्याला मी त्या दिवशी वाढलंच नाही. त्यानं मुकाट्यानं हातानं घेतलं.

सकाळी कारखान्यात रजा कळवली. मायला गॅलरीत बसवून हातात माइक आणि कालचं वर्तमानपत्र दिलं. डबा आतल्या खोलीत ठेवला, मी घराच्या दुसऱ्या टोकाला न्हाणीपाशी बसले आणि ती काय वाचते ते मोठ्यानं परत म्हणायला लागले. पहिल्या खेपेला मी अर्धं भलतंच बोलले. मग उठून बोर्डावरचं जाड आवाजाचं बटण, ज्याला आम्ही बास म्हणतो, थोडं उतरवलं. थोडं जास्त कळलं. आणखी उतरवलं, आणखी कळलं. पार शून्यावर आणलं तर शब्द न् शब्द न्हाणीपर्यंत यायला लागला. मी तिथंच कपाळावर हात मारला. माणसाचं बोलणं कळतं ते बारीक आवाजात, स-श-त-च मध्ये. जाड आवाज फरशीवर आपटून घुमत राहतो आणि त्या अक्षरांना गिळतो. आयुष्यभर मी डबे ढोलकीवर पारखले होते. माझ्या एकाही डब्याला मी कधी माणूस बोलायला लावून ऐकलं नव्हतं.

एकदा कळलं की मग मी थांबत नाही. दिवाण उघडला आणि ते चिरके मेले बाहेर काढले, टीव्हीतले, एकसारखे चार. कमरेएवढी उभी, अरुंद पेटी ठोकली आणि चारही एकाखाली एक बसवले. असे उभे लावले की आवाज वर छताला आणि खाली फरशीला कमी जातो, सरळ समोर माणसांवर जातो. जुन्या बसस्टँडवर असे उभे भोंगे असायचे, ते मी लहानपणापासून बघत आले होते, फक्त त्यांना नाकं मुरडत होते. प्रत्येक स्पीकरला घड्याळाचा सेल टेकवून बघितला, चौघांचे पडदे एकाच दिशेला उसळतात ना म्हणून, कारण एक जरी उलटा जोडला गेला तर तो बाकीच्यांचा आवाज खातो. एक उलटा निघालाच. त्याच्या तारा बदलल्या.

मायनं माइकवर दोन ओळी वाचल्या. आवाज बारीक, थोडा फाटलेला, जसा होता तसाच. माझ्या कानाला तो डबा पत्र्याचा वाटला. माझ्या कुठल्याही ओळखीच्याला दाखवायची मला लाज वाटली असती. मी म्हटलं, "माय, थोडा बास देऊ का? भरदार वाटंल."

"कशाला? हा माझा आवाज आहे. कालचा कुणाचा व्हता कुणास ठाऊक."

त्या संध्याकाळी पेटी विहारात पुढच्या बाजूला, माइकच्याही पुढं ठेवली, बसलेल्या माणसांच्या कानांच्या उंचीला. सचिवांकडून आणखी एक दिवस मागून घेतला होता; काल कुणाला काही कळलंच नव्हतं, म्हणून मायनं त्या दिवशी न विचारताच वाचलं. संपल्यावर एकही माणूस "काय आवाज" म्हणाला नाही. सगळे शांतपणे चपला घालून गेले. मी रात्रभर कूस बदलत होते, कारण निकाल दुसऱ्या दिवशी होता.

दुसऱ्या दिवशी सचिव मोबाईल घेऊन दारातच उभे. मायनं चष्मा चढवला, पुस्तक मांडीवर मिटून ठेवलं आणि मागं बघितलं. "काल काय वाचलं?"

मावशी भिंतीपासून जरा पुढं सरकल्या. "एक भिक्खू आजारी व्हता. घाणीत पडला व्हता, कुणी बघत नव्हतं. तर भगवंतांनी पाणी आणायला सांगितलं, सोता त्याला आंघुळ घातली. मग बाकीच्यांना म्हणले, तुमाला इथं आई नाय, बाप नाय, तुमीच एकमेकांचं करायचं." सगळे मान हलवत होते. मला रडू फुटलं, मी पेटीची तार तपासायच्या बहाण्यानं खाली वाकले.

"आणिक एक सांगू का?" मावशींचं संपलं नव्हतं. "पाणी आणायला सांगितलं, ती वळ तू दोनदा वाचली. मधली एक गाळली व्हती, मग मागं आली. चष्मा बदल."

इतक्या वर्षांत मायच्या वाचनात कुणी चूक काढली नव्हती. काढायची कुणाची टाप नव्हती.

माय हसली. माइक तोंडासमोरच होता. ते बारीक, फाटकं हसू त्या चार चिरक्या स्पीकरांमधून पार मागच्या भिंतीपर्यंत गेलं, आणि मावशींनाही ते ऐकू आलं, कारण त्याही बोळक्या तोंडानं हसायला लागल्या. सचिवांनी मोबाईल खिशात घातला आणि जागा बघून बसले.

"बदलते गं माय, उद्याच बदलते," माय म्हणाली, आणि तिनं पान उलटलं.