परत केलेली शाल

डॉ. सुजाता इंगोले यांना मी पहिल्यांदा पाहिलं ते वसमतला, आमच्या महाविद्यालयाच्या सभागृहात. पुण्याहून कर्करोगावर काम करणाऱ्या शास्त्रज्ञ येणार म्हणून आम्ही इस्त्रीचे कपडे घालून बसलो होतो. बाईंनी व्यासपीठावर चढताच विचारलं, "एष्टीनं कोण कोण आलं?" जवळजवळ सगळे हात वर गेले. "मग तुमाला विषाणू समजला," त्या म्हणाल्या. "पेशीच्या दारापर्यंतचा रस्ता पाठ असलेली गाडी म्हणजे विषाणू. आमी तिच्यातले रोग पसरवणारे प्रवासी उतरवतो, आपलं जनुक बसवतो अन् गाडी पेशीत धाडतो. एकाच फेरीची गाडी! तिला पिल्लं होत न्हाईत."

मी हळदीच्या आडत्याचा मुलगा. घरी येऊन वडिलांना सांगितलं की मी विषाणूंचं काम करणार. ते म्हणाले, "कर बाबा, पण घरी आणू नको." पुढं पुण्याला बाईंच्या हाताखाली पीएच.डी. केली आणि आज त्यांच्याच शेजारच्या टेबलावर काम करतो. बाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात लिहायला मिळतंय, याचा आनंद लपवायचं मला काही कारण दिसत नाही.

बाई मूळच्या डोंगरकडा गावच्या. वडील शेतमजूर, आई त्यांच्याबरोबर रानात. तिथून निघून त्यांनी आयुष्य घातलं ते एका प्रश्नावर. पेशींच्या बेसुमार वाढीला लगाम घालणारं जनुक कर्करोगाच्या पेशीत बिघडलेलं असतं. ते धडधाकट जनुक विषाणूच्या गाडीतून आत पोचवलं, तर वाढ थांबते का? हे सगळं काचेच्या थाळीतल्या पेशींवर. कुणी त्याला उपचार म्हटलं की बाई तिथल्या तिथं दुरुस्त करत.

प्रयोगशाळेत त्यांचा एक नियम होता आणि आहे: भरलेल्या गाडीबरोबर रिकामी गाडीही सोडायची. म्हणजे तोच विषाणू, पण आत आपलं जनुक नाही. रिकामी गाडी शिरलेल्या पेशी मजेत वाढल्या आणि जनुकवाल्या थांबल्या, तरच श्रेय जनुकाचं. दोन्ही गाड्यांत हिरवं चमकणारं काहीतरी ठेवलेलं असे. पेशी हिरवी दिसली की समजायचं, गाडी पोचली.

बाई शिस्तीला कडक, पण मनानं लोण्यासारख्या. पेशींना दिवाळी नसते, ठरल्या वेळी त्यांचं अन्नपाणी बदलावंच लागतं. एका दिवाळीत माझी पाळी होती. बाईंनी मला वसमतच्या गाडीत बसवलं आणि सणभर माझ्या पेशी स्वतः सांभाळल्या. परतलो तेव्हा थाळ्या माझ्यापेक्षा टवटवीत होत्या.

आता मुख्य गोष्ट. काही वर्षांपूर्वी आम्हाला हवा तो निकाल मिळाला. जनुकवाल्या पेशी थांबल्या, रिकाम्या गाडीवाल्या वाढल्या. विभागातल्या कुणीतरी उत्साहानं बातमी बाहेर दिली आणि डोंगरकड्यात फलक लागले: 'गावच्या लेकीनं कॅन्सरला हरवलं'. सत्काराचा दिवस ठरला. इकडं बाईंनी विषाणूची नवी खेप तयार करून तोच प्रयोग पुन्हा लावला होता. सत्काराच्या तोंडावर पाहतो तर रिकाम्या गाडीच्या थाळीतल्या पेशीही मरून पडलेल्या. एक सहकारी म्हणाले, "गावात कोण विचारतंय रिकामी गाडी? सत्कार घेऊन या, मग बघू."

बाई म्हणाल्या, "रिकामी गाडीच माणसं चिरडून राहिली, अन् त्याचं श्रेय मी प्रवाशाला देऊ?"

आम्ही गावी गेलो. शाळेचं मैदान भरलेलं, पुढच्या ओळीत बाईंची आई. सरपंचांनी शाल उलगडली तेव्हा बाईंनी त्यांचा हात धरला. सगळ्यांना जयभीम करून म्हणाल्या, "हे अजून खरं ठरलं न्हाई. खरं निघालं तर शाल घेईन, न्हाई निघालं तर न्हाई." ढोलकीवाल्यानं ढोलकी खाली ठेवली. मग एक म्हातारबा ओरडले, "अन् शालीचं काय करावं?" सरपंच म्हणाले, "पेटीत ठेवतो, डांबराच्या गोळ्या टाकून!" नारळ काही पेटीत ठेवता येत नाही, तो तिथंच फोडून वाटला.

घरी गेल्यावर बाईंनी आईंना रिकाम्या गाडीची सगळी गोष्ट सांगितली. चार बायांदेखत लेकीची शाल परत गेली होती. तरी आई म्हणाल्या, "खोट्याची शाल मला बी नको. पर मी हाय तवर खरं कर."

हे वाक्य घेऊन बाई पुण्याला परतल्या. दोष जनुकात नव्हता, खेपेत होता. विषाणू ज्या पेशींत वाढवतात त्यांचा गाळ त्याच्यासोबत आला होता, आणि तोच मारत होता. आमच्याकडं हळद उकडून, वाळवून, पॉलिश केल्याशिवाय बाजारात नेत नाहीत. तसा विषाणू निवळून घ्यायची पद्धत बाईंनी नव्यानं बसवली. प्रत्येक खेप तपासल्याशिवाय वापरायची नाही, असं ठरलं. मग प्रयोग पुन्हा, पुन्हा. प्रत्येक वेळी रिकाम्या गाडीच्या पेशी हिरव्यागार आणि वाढत्या. जनुकवाल्याही हिरव्या, पण जागच्या जागी थांबलेल्या. मी टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "आपल्याच अंगणात आपणच शहाणे. दुसऱ्यांच्या हातून होऊ द्या." आईंचं वय वाढत होतं, आणि आम्ही दक्षिणेतल्या एका प्रयोगशाळेला आमचा विषाणू आणि पद्धत पाठवून उत्तराची वाट पाहत होतो. उत्तर आलं: त्यांच्या पेशी, त्यांचे हात, आणि निकाल आमचाच! त्या दिवशी बाई खुर्चीत बसून मोकळेपणानं रडल्या, आणि आम्हीही.

गेल्या महिन्यात डोंगरकड्यात तेच मैदान पुन्हा भरलं. तेव्हाच्या, आता माजी झालेल्या सरपंचांनी पेटीतून तीच शाल काढली. डांबराच्या गोळ्यांचा वास मागच्या ओळीपर्यंत गेला. ते म्हणाले, "आता तुमीच घाला, माय." आईंना गावातल्या दोघी बायांनी धरून वर आणलं. त्यांनी शाल हातात घेतली, पण घातली नाही. लेकीकडं रोखून पाहत विचारलं, "रिकामी गाडी पाह्यली ना?"

"पाह्यली, आई. कुनीच मेलं न्हाई."

मग आईंनी शाल घातली. असा जल्लोष मी आमच्या वसमतच्या जत्रेतही ऐकला नव्हता.

बाईंनी आपल्या आईचं वय गाठावं, तेही मागं टाकावं, आणि ठणठणीत राहून आम्हाला धाकात ठेवावं, हीच मनापासूनची इच्छा. बाई शंभरी पार करतील असं माझं भाकीत आहे. आज ते सिद्ध करता येत नाही, म्हणून शंभरीच्या सत्काराची नवी शाल माजी सरपंचांकडं दिली आहे. त्यांनी ती पेटीत ठेवली आहे, डांबराच्या गोळ्या टाकून.