क्लच बाईनं जाळला म्हणे!

दसरा झाला आणि दिवाळीच्या आत माझी मोटारसायकल करकर करायला लागली, घासात खडा आल्यासारखी. माझी म्हणायची, कागदावर ती नवऱ्याची. पण तो ट्रकवर, घरी पाहुण्यासारखा येणार. रोज दोन्ही बाजूंना दुधाचे कॅन बांधून वस्तीवरनं तुळजापूरला जातं कोण? मी. लॉजवाल्यांना, चहावाल्यांना दूध घालतं कोण? मीच.

धाकटा दीर मला मेकॅनिककडं घेऊन गेला. मेकॅनिक वाकलासुद्धा नाही. उभ्या उभ्या रेस दिली, माझ्या साडीकडं बघितलं आणि दिराला म्हणाला, "वैनी अर्धा क्लच दाबून चालवितेत जणू. जाळला क्लच. बायकांचं असंच असतंय."

अरे, मी तिथंच उभी आहे की! गाडी मी चालवते, आवाज मी ऐकते, आणि हा सांगतोय दिराला. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

दिराला तेवढंच निमित्त पाहिजे होतं. बाईनं कॅन लावून गावभर हिंडावं हे त्याला पहिल्यापासून सलत होतं. घरी आल्या आल्या त्यानं जाहीर केलं, "गिऱ्हाईक बघितलंय. रविवारी येतंय. देऊन टाकू. वैनी घरचं बघतील."

म्हणजे माझा रतीब बंद, तुळजापूर बंद, चूल आणि मी! सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. त्यांना मी आत्याबाई म्हणते. त्या भवानीआईच्या आराधीण, गळ्यात कायम कवड्यांची माळ. एरवी घरात त्यांचाच आवाज असतो, पण त्या दिवशी हूं नाही की चूं नाही. दिरापेक्षा मला त्यांच्या गप्प बसण्याचाच जास्त राग आला.

शनिवारी दूध घालून आले आणि गाडी डबल स्टँडवर लावली. न्यूट्रलमध्ये चालू केली. करकर आहेच. म्हणजे चाकाचा, मागच्या चेनचा संबंध नाही. क्लच दाबून धरला, गिअरबॉक्सही सुटला, तरी करकर चालूच. मग राहिलं काय? इंजिनची ताकद क्लचपर्यंत नेणारी आतली चेन, प्रायमरी म्हणतात ती. स्क्रू ड्रायव्हरचं टोक डाव्या कव्हरला टेकवलं आणि त्याची मूठ कानाला लावली. आवाज बरोबर तिथंच. नवरा गाडी खोलायचा तेव्हा मी काय बाजूला बसून नुसत्या शेंगा फोडत होते?

खाली घमेलं ठेवून ऑइल सोडलं, नट काढला, कव्हर ओढलं. क्लचप्लेटा चांगल्या. चेन चांगली. आणि तळाला, काळ्या तेलात पांढरे तुकडे. पदरानं पुसून बघितलं. एका तुकड्याला बारीक दात होते.

कवडी!

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. तशाच बरबटलेल्या हातानं घरात शिरले. "आत्याबाई, ही कुणाची?"

त्यांनी गळ्यातली माळ मुठीत धरली. "दसऱ्याला पूजा केली न्हाय का गाडीची? तुझ्या नवऱ्यानं ऑइल बघायला झाकण काढलं व्हतं. त्यातनं सोडली. भवानीआईची कवडी हाय, तुला राखंल म्हणलं."

"अन् मला क्लच जाळला म्हणत व्हते, तवा तोंडात काय धरलं व्हतं?"

"भ्याले बाई. माझ्यामुळंच बिघाडली असली तर?"

"अवो, हँडलला बांधायची की! गाडीच्या पोटात कुणी घालतं का?"

"हँडलला बांधली असती तर समदे म्हणले असते, बाई भेती, म्हणून सासूनं बांधली. आत कुणाला दिसतीय?"

बाहेर येऊन तुकडे वेचले, सगळं धुतलं, नवं ऑइल घातलं, कव्हर बसवलं.

रविवारी गिऱ्हाईक आलं. मी किक मारली. गाडी पहिल्यासारखी धडधडली, करकर नावाला नाही. गिऱ्हाईक खूश झालं. दीर किंमत काढणार तेवढ्यात ओट्यावरनं आत्याबाई कडाडल्या, "कुणाची गाडी दावायलास रं? माझ्या सुनंची हाय ती. इकायची न्हाय! अन् त्या मेकॅनिकला सांग जाऊन, क्लच सासूनं जाळला म्हणावं!"